आराखडा एक, बसवलं भलतंच : क्लबच्या साउंड सिस्टिमबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक

विषय : मुंढवा, पुणे येथील आमच्या नाइटक्लबची ध्वनियंत्रणा मंजूर आराखड्याप्रमाणे न बसवल्याबद्दल.

महोदय,

काम पूर्ण झालं असं सांगून तुमची माणसं फेब्रुवारीच्या शेवटी गेली. त्यानंतर मी तुमच्या विक्री प्रतिनिधीला अकरा फोन आणि सहा मेल केले. 'इंजिनीअरसाहेब दुसऱ्या साइटवर आहेत' यापलीकडे उत्तर नाही, म्हणून थेट तुम्हाला लिहितो आहे.

जागा तुम्ही स्वतः पाहिलेली नाही, म्हणून सांगतो. जुनं गोदाम, ३२ मीटर लांब, १८ मीटर रुंद, वर पत्रा. आमचा घरचा धंदा मंगल कार्यालयाचा. कर्ण्यापासून डॉल्बीपर्यंत सगळं आम्ही भाड्याने आणून वाजवलं आहे, त्यामुळे आवाज मोठा असणं वेगळं आणि चांगला असणं वेगळं, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. म्हणून तर आराखड्याचे वेगळे पैसे मोजले. नुसते स्पीकरचे डबे रचायचे असते, तर मंडळाच्या मिरवणुकीत वाजवणाऱ्या पोरांनी ते निम्म्या पैशांत केलं असतं.

आराखडा उत्तम होता, त्याबद्दल वाद नाही. बेसचे आठही डबे डीजेच्या कन्सोलखाली, एका ओळीत, एकमेकांना चिकटून. असं का, तेही तुमच्या इंजिनीअरने कागदावर रेघा ओढून समजावलं होतं. ६० हर्ट्झच्या आवाजाची लाट जवळजवळ पावणेसहा मीटर लांब असते. डबे दोन टोकांना ठेवले की मधोमध दोन्हीकडच्या लाटा एकत्र येऊन आवाज फुगतो आणि थोडं बाजूला सरकलं की त्याच लाटा एकमेकींना खाऊन टाकतात. इतकं स्वच्छ समजावलं होतं, की मी घरी येऊन बायकोला तसंच चित्र काढून दाखवलं.

आणि बसवलं काय? चार डबे डाव्या कोपऱ्यात, चार उजव्या. मध्ये १४ मीटर अंतर. तुमच्या सुपरवायझरला विचारलं, तर म्हणाला, कन्सोलच्या ओट्याखाली लोखंडी फ्रेम करावी लागली असती, त्यात दोन दिवस गेले असते, आणि 'बेस काय, सगळीकडे सारखाच जातो.'

जात नाही. मधोमध उभं राहिलं की छातीत धडधड होते. अडीच मीटर बाजूला सरकलं की ढोलातली हवा गेल्यासारखं वाटतं. शनिवारी रात्री वरच्या गॅलरीतून पाहिलं, तर नाचणारी माणसं दर्शनाच्या रांगेसारखी मधल्या पट्ट्यात दाटलेली आणि दोन्ही बाजूंची फरशी मोकळी. लाट कुठे मरते हे त्यांना ठाऊक नसतं, पाय आपोआप वळतात.

तरीही उजवीकडचा बेस डावीकडच्यापेक्षा कमी का, हे कळेना. शेवटी आमच्या वायरमनने नऊ व्होल्टची बॅटरी आणली आणि एकेका डब्याची वायर काढून तिला टेकवून पाहिली. सात पडदे बाहेर आले, एक आत गेला. म्हणजे त्या एका डब्यात जोडणी उलटी. चारांतला एक उलटा असला, तर तीन वजा एक, कामाचे उरले दोनच. तीन महिने आम्ही विजेचं बिल भरत होतो ते एका डब्याने दुसऱ्याचा आवाज मारावा म्हणून. बॅटरी सत्तर रुपयांची होती.

मागच्या बैठकीच्या भागातले स्पीकर मुख्य स्पीकरपासून २१ मीटरवर आहेत. तेवढं अंतर कापायला आवाजाला सुमारे ६१ मिलिसेकंद लागतात, तेव्हा मागच्या स्पीकरना तितका उशीर द्यावाच लागतो. आराखड्यात तो आकडा लिहिलेला आहे, यंत्रात शून्य आहे. तिथे बसलेल्या गिऱ्हाइकाला प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येतो. ट्यूनिंगच्या दिवशी तुमच्या माणसाने मोजमापाचा मायक्रोफोन पेटीतून काढलाच नाही. मोबाइलवरून एक गाणं लावलं, डोळे मिटले, मान डोलावली आणि 'मस्त वाजतंय, साहेब' म्हणून गेला.

हा उशीर मला दुरुस्त करता येत नाही, कारण तो जिथे लावतात त्या यंत्राचा, म्हणजे प्रोसेसरचा, पासवर्ड तुम्ही दिलेला नाही. यंत्र आमचं, पैसे आमचे, कुलूप तुमचं! आवाज हद्दीपलीकडे गेला की तो दाबून स्पीकर वाचवणारा लिमिटर लावला आहे की नाही, तेही त्यामुळे दिसत नाही. पाहुण्या डीजेने मिक्सर लाल दिव्यापर्यंत नेला की माझा जीव टांगणीला लागतो.

ॲम्प्लिफायरचा रॅक तुम्ही बंद कपाटात बसवला, एक्झॉस्ट फॅनशिवाय. मे महिन्यात दोनदा रात्री बाराच्या सुमारास तो तापून आपोआप बंद पडला. फॅन आम्ही लावून घेतला. पावती सोबत आहे.

आता शेजार. कंपाउंडमागच्या चाळीतल्या एक आजी मला रविवारी सकाळी स्वतः बोलवायला आल्या. रात्री फडताळातली भांडी वाजतात म्हणाल्या. तुमच्या प्रतिनिधीला सांगितलं, तर त्याने मीटर दाखवला : ५४ डेसिबल, आणि व्यापारी भागात रात्रीची मर्यादा ५५. पण चाळ निवासी आहे, तिथे मर्यादा ४५ आहे. शिवाय ए पट्टीवरचा, म्हणजे माणसाच्या कानाला जसं ऐकू येतं त्या बेताने मोजणारा, मीटर ६३ हर्ट्झला तब्बल २६ डेसिबल वजा करून दाखवतो. आजींची भांडी ए पट्टीवर वाजत नाहीत. कोपऱ्यातले डबे भिंतींना टेकलेले आहेत आणि तिथूनच पत्र्याला कंप चढतो. आराखड्यात त्यांच्याखाली रबरी पॅड होते, बिलातही आहेत, डब्यांखाली नाहीत.

ग्राहक आयोगात जाईन म्हटल्यावर तुमच्या प्रतिनिधीने मला कायदा ऐकवला, की धंद्यासाठी घेतलेली वस्तू त्यात बसत नाही. त्याचं वाचन चांगलं आहे. करारही तसाच वाचावा : आराखड्याबरहुकूम काम आणि लेखी मोजमाप अहवाल मिळाल्याशिवाय शेवटचे दहा टक्के देय नाहीत. ते पैसे आमच्याकडेच आहेत आणि तूर्त तिथेच राहतील.

पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत बेसचे डबे कन्सोलखाली आणून पॅडवर बसवावेत, उलटी जोडणी सुलट करावी (आम्ही मुद्दाम तशीच ठेवली आहे, तुम्ही डोळ्यांनी पाहावी म्हणून), फ्लोअरवर किमान बारा ठिकाणी मोजमाप करून अहवाल द्यावा, पासवर्ड आमच्या हाती द्यावा आणि फॅनचा खर्च वळता करावा. हे झालं नाही, तर दुसऱ्याकडून काम करून घेऊ आणि त्याचं बिल त्या दहा टक्क्यांतून वजा करू. उरलं तर तुमच्याकडे मागू.

सोमवारी क्लब बंद असतो. सकाळी अकरानंतर केव्हाही या. शिडी आमच्याकडे आहे, मायक्रोफोन तुम्ही आणा.

आपला,
भागीदार
मुंढवा, पुणे

सोबत : मंजूर आराखडा, बिलाची प्रत, डब्यांचे फोटो, फॅनची पावती.