गादी बदलण्याआधी खुर्ची उलटी करून पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१९५०-६०च्या दशकांतल्या वाकवलेल्या लाकडाच्या जेवणाच्या खुर्च्या नव्या गादीसह पुन्हा वापरात येत आहेत, ही आनंदाची गोष्ट. पण बहुतेकदा कापड आधी निवडलं जातं आणि सांगाड्याकडे कुणी पाहतच नाही. खरं तर हे काम सांध्यांपासून सुरू व्हायला हवं.

लाकूड वाफेवर वाकवून फर्निचर बनवणाऱ्या मिखाएल थोनेट यांची १८५९ची १४ क्रमांकाची खुर्ची ६ भाग, १० स्क्रू आणि २ नट एवढ्यांत उभी राहायची. या घराण्यातल्या पुढच्या खुर्च्याही बऱ्याचदा खोलता येतात. त्यामुळे आधी मागच्या पायांचे बोल्ट आवळा. वॉशर नसेल तर बोल्टचं डोकं लाकडात रुततं आणि पकड पुन्हा सैल होते. पायांना बांधणारं खालचं कडं हरवलं असेल तर पाय फाकतात. ते नवं करून घ्याच.

गोंदाचा सांधा हलत असेल तर फटीत गोंद ओतून भागत नाही, कारण जुन्या सरसावर (प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेल्या गोंदावर) पांढरा गोंद धरत नाही. सरस कोमट पाण्याने मऊ करून खरवडा, लाकूड पूर्ण सुकू द्या, मग गोंद लावून रात्रभर क्लॅम्प ठेवा. चारही पाय सपाट फरशीवर टेकलेले हवेत. खिळे आणि लोखंडी कोन नकोतच, लाकूड तिथेच चिरतं. वळणाच्या बाहेरच्या अंगाला चीर असेल तर पातळ गोंद मुरवून सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळा.

आता गादी. जुन्या कापडावर नवं चढवणं ही सर्वांत घातक सवय. चौकटीत बसणारी गादी त्याने कडेला जाड होते, ठोकून बसवावी लागते आणि चौकटीचे कोपरे उघडतात. कापड लावल्यावरही चहूबाजूंनी २ मिमी जागा हवी. फोम २५ ते ४० मिमी पुरे. त्याहून जाड घेतला तर ७५ सेमी उंचीच्या टेबलाखाली मांड्या अडतात. कापडाचे स्टेपल आधी चारही बाजूंच्या मध्यावर, मग कोपऱ्यांकडे सरकत मारा, नाहीतर सुरकुत्या पडतात. गादीचा स्क्रू मूळ लांबीचाच घ्या. लांब स्क्रू प्लायवूड भेदून बसणाऱ्याला टोचतो.

अशा खुर्च्या विकणाऱ्यांनी नव्या कापडाबरोबर बैठकीच्या खालच्या बाजूचाही फोटो द्यावा, ही विनंती.

– एक वाचक