सुट्टीतल्या ॲक्टिव्हिटी पुरे, पाण्याची वेळ छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा लागला की तुमच्या पुरवणीत सुट्टीत मुलांना कसं गुंतवून ठेवाल या टाईपचे लेख सुरू होतात. कागदाची फुलं करा, बिया गोळा करा, मुलांना घेऊन कुंडीत कोथिंबीर लावा, रोज एक नवीन गोष्ट सांगा. वाईट काहीच नसतं त्यात, मी दरवर्षी वाचतो पण. फक्त हे सगळं करणारा माणूस कुठल्या गावात राहतो एवढं कळलं तर बरं होईल, कारण सोलापुरात मे महिन्यात दुपारी ४३-४४ डिग्री असतं, वर पत्रा, खाली फरशी पण तापलेली, लाईट गेलेली, आणि दोन लहान लेकरं एकमेकांच्या अंगावर धावून चाललेली. त्या घरात बिया कोण गोळा करतंय हो.

माझं सांगतो म्हणजे हे का लिहितोय ते कळेल. मी पूर्व भागात राहतो, घरीच युनिफॉर्म शिवतो जॉबवर्कवर. बायको दवाखान्यात नर्स, तिच्या ड्युट्या बदलत्या, त्यामुळे दिवसा पोरांपाशी बहुतेक वेळा मीच. पोरगी पाच पूर्ण व्हायला आली, पोरगा अडीच वर्षाचा. आता आमच्या धंद्याची गंमत बघा, शाळा जूनमध्ये उघडतात म्हणून युनिफॉर्मचा सगळा सीझन एप्रिल-मेमध्ये, आणि नेमकी तेव्हाच पोरांना सुट्टी. बायको कमावते आणि हा पोरं सांभाळतो असं कट्ट्यावर बोलतात, बोलू द्या, कट्टा त्यासाठीच असतो. पण तुमचा पण प्रत्येक लेख आईंनो म्हणूनच सुरू होतो तेव्हा जरा लागतं. आम्ही पण वाचतो की.

तर अवघड दिवस. माझ्या मते तो सकाळी सुरू होतच नाही, आदल्या रात्री होतो. उजनी धरणाचं पाणी शंभरेक किलोमीटरवरून येतं, चार-पाच दिवसाआड नळ येणार हे आता सोलापूरकरांच्या अंगवळणी पडलंय, त्याची तक्रार पण कोण करत नाही. पण येणार कधी? रात्री एकला की पहाटे चारला? नळाला हवा सुटल्याचा आवाज आला की अख्खी गल्ली उठते, मोटारी लागतात, पाईप ओढाओढी, बॅरल, घागरी, टाकी, आणि त्या आवाजात पोरगा जो उठतो तो परत झोपत नाही. अडीच वर्षाच्या लेकराला दुपारची धरून दिवसाला साधारण ११ ते १४ तास झोप लागते म्हणतात. त्यातले तीन तास मोटारीनं खाल्ले की दुसऱ्या दिवशी काय होतं ते ज्याच्या घरात लेकरू आहे त्यालाच माहीत. निळा कप पाहिजे म्हणून रडतो, निळा दिला की फेकतो, उचलून घेतला की खाली सोड म्हणतो, सोडला की मला उचललं नाही म्हणून लोळतो. तो नाटक करत नसतो, झोपेनं मेलेला असतो, आणि ते सांगायला त्याच्याकडे शब्द नसतात. हे एकदा डोक्यात बसलं की आपला निम्मा राग तिथंच उतरतो. निम्माच, पूर्ण नाही.

आणि बायको सकाळच्या ड्युटीला गेलेली, मालकाचा फोन येतोय की संध्याकाळपर्यंत पीस पाहिजेत, आणि अकराला लाईट जाते.

अशा दिवशी मी पहिलं काय करतो तर आज काय करायचं नाही ते ठरवून टाकतो. झाडलोट नाही, पोळ्या नाहीत. कडक भाकरी आमटीत कुस्करली की पोरं खातात, नाहीतर ताकभात, झालं. शेंगाचटणी माझ्यासाठी. मग मोरीत परातभर पाणी आणि दोघांना त्यात बसवायचं, मी स्वतः समोर स्टुलावर काज-बटणाचं काम घेऊन. इथं कोण म्हणेल पाण्याची टंचाई आणि हा परातीत पोरं बसवतो, तर तेच पाणी नंतर फरशीवर मारतो, खोली अर्धा तास तरी थंड राहते आणि लाईट नसताना तेवढ्यावरच पोरगा दुपारचा झोपतो.

झोपून उठल्यावर दोऱ्याचे रिकामे कोन. आमच्याकडे पोतंभर साठलेत. पोरगी ते एकावर एक घालत जाते, तोंडातून जीभ बाहेर, पार स्वतःच्या उंचीपर्यंत नेते, आणि पोरगा लांबून पळत येऊन ढकलतो, दोघं खदाखदा हसतात, परत लावायचे, परत पाडायचे. मग लाल कोन कोणाचा यावरून मारामारी. पण तोवर माझ्या दोन-तीन कॉलर बसलेल्या असतात. ह्याला तुम्ही ॲक्टिव्हिटी म्हणा पाहिजे तर, मी काही शिकवत नाही त्यातनं, मला फक्त कॉलर बसवायच्या असतात.

मोबाईलचं पण बोलून टाकतो कारण त्यावर सगळेच लेक्चर देतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं की दोन ते चार वर्षाच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त स्क्रीन नको, कमी तेवढं चांगलं, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला तर अजिबात नको. मान्य, बायकोनं पण तेच सांगितलंय. पण तो तास कधी वापरायचा ते ज्याचं त्यानं ठरवावं. आमच्याकडे कटिंगची कात्री आणि गरम इस्त्री बाहेर निघते तेव्हाच कार्टून लागतं, दोघं कॉटवर, मी खाली. रडतंय म्हणून मोबाईल देत नाही, दिला तर उद्या दुप्पट रडतंय. भाजेल म्हणून देतो. पाहुणे येऊन आमच्याकडे मोबाईल अजिबात नाही म्हणून सांगतात ना, त्यांच्या घरात इस्त्री कोण करतं ते एकदा विचारायचंय मला.

राग येतोच. येत नाही म्हणणारा एकतर देव आहे नाहीतर दिवसभर ऑफिसात असतो. माझा हात उठेल असं वाटायला लागलं की पोरग्याला कॉटवर बसवतो, जवळपास पडण्यासारखं काही नाही बघतो, आणि दारात पायरीवर जाऊन उभा राहतो, तोंडावर पाणी मारतो. रडू दे पाच मिनिटं. रडून लेकराला काही होत नाही, हे बायको सांगते आणि तिनं वॉर्डात पुष्कळ बघितलंय. त्याच्या उलट तान्ह्या बाळाला रागाच्या भरात गदागदा हलवलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, हे किती घरांत माहीत आहे? असलं छापा की चौकटीत. आणि १४४१६ हा टेलि मानसचा नंबर पण छापा, सरकारी आहे, २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, रात्री पण उचलतात. वेड लागल्यावरच फोन करायचा असं काही नाही, नुसतं कोणाशी तरी बोलावंसं वाटलं तरी चालतं.

पण खरं सांगू का, ह्या सगळ्यापेक्षा जास्त उपयोग मला शेजारच्या अव्वाचा, म्हणजे तेलुगू आजीचा होतो. ती दिवसभर सूप मांडीवर घेऊन विड्या वळते. चारच्या सुमाराला हात धुऊन बाहेर येते आणि माझ्या दारात बसते, तिच्या दारात नाही कारण तिकडं तंबाखूची धूळ असते आणि ते तिला स्वतःला पण पटत नाही. पोरांशी तेलुगूत बोलते, पोरं मराठीत उत्तर देतात, भांडण दोन्ही भाषांत चालतं. तेवढा अर्धा-पाऊण तास मशीन सरळ चालते. अर्धा-पाऊण तास दुसरं मोठं माणूस, बास, दिवस निघतो. ज्या घरात नुसती एकटी बाई दोन लेकरं घेऊन फ्लॅटचं दार लावून बसलेली असते, जुळे सोलापूर म्हणा, विजापूर रोड म्हणा, तिला काय सांगणार तुमची पुरवणी, बिया गोळा कर?

पाळणाघराचा विषय काढला की लोक म्हणतात कायदा आहे. आहे, २०१७ ला मातृत्व रजा २६ आठवड्यांची केली तेव्हाच पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं पाळणाघर पाहिजे असं त्यात आलं. पण आमच्या गल्लीत घर हाच कारखाना. कोण विड्या वळतंय, कोण युनिफॉर्म शिवतंय, कोण टॉवेलच्या गाठी मारतंय. पन्नास माणसं आहेत पण पन्नास दारांच्या मागं, मोजणार कोण? अंगणवाडी आहे, तिथल्या ताई चांगल्या आहेत, पण शिकवणीला तिथं तीन वर्षाच्या पुढचंच लेकरू बसतं आणि ते पण काही तास. अडीच वर्षाचा कुठं जाणार? गल्लीतल्या एखाद्या समाजमंदिराचा हॉल दुपारी दोन ते पाच उघडला, दोन पंखे आणि दोन आज्या बसवल्या, त्यांना थोडे पैसे दिले, तर मला वाटतं अख्ख्या गल्लीचं काम सुधारेल. लग्नाला हॉल उघडतोच ना.

बागेचं पण तेच. सहाला घसरगुंडी इतकी तापलेली असते की बूड टेकवत नाही, खरी बाग सुरू होते साडेसात-आठनंतर, आणि आमच्या भागातल्या बागेचा दिवा बंद. मे महिन्यात बाग रात्री दहापर्यंत उघडी आणि उजेडात असावी एवढंच म्हणणं आहे.

आता तुमच्याकडं मागणं. कुठल्या भागात कुठल्या वेळेला पाणी येणार हे मिळवा आणि पहिल्या पानावर छापा, सिनेमाच्या जाहिरातीएवढ्या जागेत. वेळ चुकली तर चुकली म्हणून दुसऱ्या दिवशी परत छापा. रात्रीचंच असेल तर निदान पोरगा लवकर झोपवता येतो, ऑर्डर पुढं ढकलता येते, बायकोची ड्युटी बघून कोण उठायचं ते ठरवता येतं.

आणि पाणी चार दिवसाचं साठवायचं म्हटलं की घरात बॅरल आलेच, त्याबद्दल कोणच लिहीत नाही. चालायला लागलेलं लेकरू वीतभर पाण्याच्या बादलीत पण डोक्यावर पडलं तर त्याला स्वतःहून निघता येत नाही, डोकं जड असतं, आणि ओरडायला पण येत नाही, सगळं गुपचूप होतं. म्हणून बॅरलला घट्ट झाकण पाहिजे, वर वजन पाहिजे, रिकाम्या बादल्या पालथ्या पाहिजेत. झाकण असलं तर डेंग्यूचा डास पण अंडी घालत नाही, तो जास्त करून साठवलेल्या स्वच्छ पाण्यात होतो, म्हणून आठवड्यातनं एकदा सगळं रिकामं करून घासायला सांगतात. आमच्याकडं बॅरलच्या झाकणावर जुना पाटा ठेवलाय.

पत्र मोठं झालंय हे कळतंय मला. जागा कमी पडली तर कट्ट्याचं कापा, मोबाईलचं कापा, बॅरलचं तेवढं राहू द्या.

आपला,
एक वाचक, पूर्व भाग, सोलापूर