विमान तुझं ना? उघडू का?

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

तुमचं नाव इथे मुद्दामच लिहीत नाही. त्याचा गाजावाजा तुम्हाला रुचणार नाही, एवढं त्या थोडक्या ओळखीतही कळलं. पण आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत, कारण माझ्या लेकीला बोल लावले गेले तेही चारचौघांतच.

तिचं रिमोटवर उडणारं मॉडेल विमान तीन-चार मिनिटं झकास उडायचं आणि मग एकाएकी ऐकेनासं व्हायचं. रिमोटची स्टिक हलवली तरी काही हलायचं नाही. क्षणभराने पुन्हा ताब्यात यायचं, पण कधी कधी तोवर जमीन आलेली असायची. गार झाल्यावर घरी तपासावं तर सगळं ठणठणीत. ज्या दुकानातून सामान घेतलं, तिथे आधी ‘रिसीव्हर खराब’ म्हणून विमानात रिमोटचे संदेश झेलणारा नवा रिसीव्हर गळ्यात मारला आणि मग ‘इंटरफेरन्स आहे’, म्हणजे दुसऱ्या रेडिओ लहरी मध्ये येतात, म्हणून नवा ट्रान्समीटर, म्हणजे हातातला रिमोट. मैदानावरच्या अनुभवी मंडळींनी पलीकडच्या मोबाइल टॉवरकडे बोट दाखवलं. तेवढ्यानेही भागेना, तेव्हा ‘घाबरून स्टिक ओढली असणार हिने’ हेही ऐकवून झालं. आणि हे सगळं माझ्याकडे बघून. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही हे ठाऊक असूनही! नववीतली पोर, फोम स्वतः कापते, सोल्डरिंग स्वतः करते. तिच्या हातातून विमान काढून घ्यायचं, झाकण उघडून वायरी ओढून बघायच्या आणि निदान आईला सांगायचं. मला त्याचा अजून राग आहे.

तुम्ही आलात ते तिच्यासमोर गवतात मांडी घालून बसलात आणि विचारलंत, “विमान तुझं ना? उघडू का?”

काका, हे पत्र त्या दोन प्रश्नांसाठी आहे. विमान दुरुस्त झालं नसतं तरी मी ते लिहिलं असतं. तिने मान हलवेपर्यंत तुमचे हात गुडघ्यांवरच होते, ते मी पाहिलं. मग तुम्ही म्हणालात, “नेमकं कधी होतं ते सांग.” आणि तिचं सांगून होईपर्यंत मध्ये एक शब्द बोलला नाहीत. “सुरुवातीला कधीच होत नाही, आणि लूप, रोल अशा कसरती जास्त केल्या की लवकर होतं,” असं ती म्हणाली. हे तिला केव्हाचं माहीत होतं! विचारलंच नव्हतं कुणी.

पुढचं मी तिच्याकडूनच समजून घेतलं. आधी तुम्ही पंखा काढायला लावलात. एक तर बोटं सलामत राहावीत म्हणून, आणि दुसरं म्हणजे मोटरवर भारच उरला नाही की जे तापेल ते सर्व्होंमुळे, म्हणजे पंख-शेपटीवरच्या झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरींमुळे. तिला दोन्ही स्टिक सारख्या हलवत राहायला सांगितलंत. थोड्या वेळाने “आता ईएससीवर बोट टेकव” म्हणालात (मोटरचा वेग सांभाळणारा आणि रिसीव्हरला वीज देणारा तो भाग) आणि तिने चटकन बोट मागे घेतलं. पाठोपाठ रिसीव्हरचा दिवा विझला आणि पुन्हा लागला. तो दिवा विझताना तिचा चेहरा असा उजळला की काय सांगू! इतके दिवस ती जे सांगत होती, ते सगळ्यांसमोर घडलं होतं.

मग मातीत काडीने हिशेब तिलाच करायला लावलात. पूर्ण चार्ज झालेली थ्री-एस लिपो, म्हणजे तीन सेलची बॅटरी, 12.6 व्होल्टची, रिसीव्हर आणि सर्व्होंना द्यायचे 5. ईएससीतला लिनिअर बीईसी, म्हणजे बॅटरीचे व्होल्ट उतरवून देणारा भाग, मधले 7.6 व्होल्ट नुसते तापून घालवतो. सर्व्होंनी 1 अँपिअर ओढला की साडेसात वॉटची उष्णता, तीही फोमच्या बंद पोटात, वारा लागायला जागा नाही. हद्दीबाहेर तापला की बीईसी स्वतःला वाचवायला वीज तोडतो, रिसीव्हर बंद पडून नव्याने सुरू होतो आणि तेवढा वेळ विमान वाऱ्यावर. त्यात एलिव्हेटरची, म्हणजे शेपटीवरच्या झडपेची, तार नळीत अडकत होती, त्यामुळे तो सर्व्हो स्टिक मध्यावर असतानाही घरघरत वीज ओढत होता. रेडिओचा यात काडीचा दोष नव्हता. टॉवरचाही नाही आणि माझ्या लेकीचा तर नाहीच.

रिमोट 72 मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर चालायचे त्या जुन्या दिवसांबद्दल तुम्ही सांगितलंत ते तिला फार आवडलं. ब्रशच्या मोटरच्या ठिणग्यांनी रिसीव्हर बावचळायचा, म्हणून मोटरवर 0.1 मायक्रोफॅरडचे कपॅसिटर लावायचे. एकाच क्रिस्टलचे, म्हणजे एकाच चॅनलचे, दोघांनी सेट चालू केले तर विमान पडलंच, म्हणून ज्याच्याकडे त्या चॅनलचा चिमटा त्यानेच सेट चालू करायचा. तेव्हा माणसं एकमेकांना विचारल्याशिवाय बटणाला हात लावत नसत, असं तुम्ही म्हणालात. तुमची ती सवय अजून टिकून आहे. ज्ञान असलेली माणसं मला बरीच भेटली, पण समोरच्याचं ऐकून घेऊन मग ते वापरणारी फार थोडी.

आणखी एक. तुमच्या डब्यातला स्विचिंग यूबीईसी, म्हणजे फारसा न तापता तेच काम करणारा वेगळा बीईसी, जोडताना ईएससीच्या प्लगमधली, जुन्या बीईसीची वीज आणणारी लाल वायर तुम्ही कापली नाहीत. सुईच्या टोकाने पिन अलगद सोडवून बाहेर घेतलीत, मागे दुमडून टेप लावलीत आणि म्हणालात, “उद्या तुला परत लावावीशी वाटली तर?” तिच्या वस्तूचा इतका मान आजवर कुणी ठेवला नव्हता.

त्या यूबीईसीचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. मी पाकीट पुढे केलं तर “तिला उडवू दे” म्हणून निघून गेलात. विमान तेव्हापासून एकदाही हातचं सुटलेलं नाही. रिसीव्हरच्या दोन अँटेना एकमेकींना काटकोनात आणि कार्बनच्या दांडीपासून लांब, तुम्ही सांगितल्या तशाच आहेत. उडवण्याआधी ती ट्रान्समीटर रेंज चेकवर टाकते, म्हणजे त्याची ताकद मुद्दाम कमी करते, तीसेक पावलं लांब जाते आणि मला विमान घट्ट धरायला लावते.

आता ती फोर-एसवरचं, म्हणजे चार सेलच्या बॅटरीवरचं, मोठं विमान बांधते आहे. यूबीईसी 3 अँपिअरचा पुरेल की 5 चा घ्यावा, हे तिला तुम्हालाच विचारायचं आहे. रविवारी सकाळी आम्ही त्याच मैदानावर असतो. जमलं तर या. डब्यात तुमच्यासाठी थालीपीठ आणि लोणी आणते आहे. त्याला मात्र नाही म्हणू नका.

आपली कृतज्ञ,
एका मुलीची आई