ग्राफिक्स कार्डाची तुलना नावातल्या आकड्यावरून नको

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

संगणक खरेदीविषयीच्या सल्ल्यांमध्ये ‘ग्राफिक्स कार्ड शक्यतो नव्या मालिकेतले घ्यावे’ हे वाक्य इतक्या सहजपणे लिहिले जाते, की ते वाचून दुकानात जाणारा ग्राहक नावातल्या आकड्यापलीकडे काही विचारतच नाही. मीही विचारले नव्हते, म्हणून हा पत्रप्रपंच.

सांगलीत इमारतींची त्रिमितीय दृश्ये तयार करून देण्याचा माझा छोटा व्यवसाय आहे. २०२१ साली बाजारात आलेले एनव्हिडिया कंपनीचे आरटीएक्स ३०६० हे १२ जीबी मेमरीचे कार्ड मी वापरत होतो. २०२३ च्या दिवाळीत ते भाच्याला दिले आणि त्याच वर्षी जूनमध्ये आलेले आरटीएक्स ४०६० घेतले. “एक पिढी पुढचे आहे साहेब, डोळे झाकून घ्या,” असे दुकानदार म्हणाला आणि मी खरोखरच डोळे झाकले. सुरुवातीला तक्रारीला जागा नव्हती. दिवाणखाने, स्वयंपाकघरे अशी आटोपशीर दृश्ये पूर्वीपेक्षा लवकर तयार होऊ लागली. मग एका बंगल्याच्या अंगणाचे काम आले. नारळाची झाडे, हिरवळ, कुंड्या, कौलांचे बारीक पोत असे सगळे भरलेली ती फाइल कधी मेमरी अपुरी असल्याचा संदेश दाखवून थांबे, तर कधी संगणकाच्या रॅमचा, म्हणजे कार्डाबाहेरच्या मुख्य मेमरीचा, आधार घेत तासन्‌तास रखडे. तीच फाइल भाच्याकडच्या जुन्या कार्डावर निमूटपणे पूर्ण झाली. दोन्ही कार्डांचे तपशील शेजारी शेजारी मांडून पाहण्याची बुद्धी मला त्या दिवशी झाली.

नव्या कार्डावर मेमरी ८ जीबी आहे, म्हणजे जुन्यापेक्षा ४ जीबी कमी. मेमरीकडे जाणारा मार्ग, ज्याला बस म्हणतात, तो १९२ बिटांवरून १२८ बिटांवर आला आहे. नव्या कार्डाच्या मेमरीचा वेग दर सेकंदाला १७ गिगाबिट, तर जुन्याचा १५, त्यामुळे वरवर पाहता नवे कार्ड सरस वाटते. पण या वेगाला बसच्या रुंदीने गुणून आठाने भागले (आठ बिट म्हणजे एक बाइट), की जुन्याची बँडविड्थ, म्हणजे मेमरीतून ये-जा करू शकणारी माहिती, सेकंदाला ३६० जीबी आणि नव्याची २७२ जीबी निघते. शाळकरी मुलालाही जमेल असे हे गणित दुकानाच्या काउंटरवर कोणी करत नाही. कंपनीने ही घट भरून काढण्यासाठी चिपच्या आतली एल२ कॅश, म्हणजे हाताशी ठेवलेली छोटी जलद मेमरी, ३ एमबीवरून २४ एमबीवर नेली आहे. तिच्यामुळे मेमरीकडे मारावे लागणारे हेलपाटे कमी होतात आणि खेळांमध्ये त्याचा चांगला उपयोग होतो, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र ओट्यावर चार डबे जास्त मावले म्हणून कोठीची खोली मोठी होत नाही. जे दृश्य ८ जीबीत मावतच नाही, त्याला ही कॅश काय करणार?

कुडा कोअरची, म्हणजे गणिते करणाऱ्या छोट्या घटकांची, संख्या ३५८४ वरून ३०७२ झाली आहे, पण एवढ्यावरून नव्या कार्डाला कमी लेखणेही चूकच ठरेल, कारण त्याची बूस्ट घड्याळगती, म्हणजे चिप गाठू शकते तो कामाचा वेग, १७७७ मेगाहर्ट्‌झऐवजी २४६० मेगाहर्ट्‌झ आहे. शिवाय कोअर मोजण्याची रीतच मध्यंतरी बदलली. २०१९ च्या आरटीएक्स २०६० मध्ये ३० गणनविभाग (कोअरचे गट) आणि १९२० कोअर होते, तर ३०६० मध्ये विभाग २८ असूनही कोअर ३५८४ झाले! एका विभागात पूर्वी ६४ कोअर मोजत, ते पुढच्या पिढीपासून १२८ मोजू लागले, आणि त्यातले निम्मे दशांश व पूर्णांक अशी दोन्ही प्रकारची गणिते आळीपाळीने करतात. त्यामुळे वेगवेगळ्या पिढ्यांतील कोअरची थेट तुलना मला फारशी कामाची वाटत नाही.

जुन्या संगणकात नवे कार्ड बसवणाऱ्यांनी आणखी एक ओळ वाचायला हवी. ४०६० हे कार्ड मदरबोर्डाशी, म्हणजे संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डाशी, पीसीआय एक्सप्रेस या जोडणीच्या ८ लेनने (समांतर मार्गांनी) बोलते, ३०६० मात्र १६ लेनने. या जोडणीच्या चौथ्या पिढीच्या बोर्डावर याने फारसे बिघडत नाही. माझा बोर्ड तिसऱ्या पिढीचा आहे. त्यावर नव्या कार्डाला सेकंदाला सुमारे ८ जीबीचाच रस्ता मिळतो, तर जुन्याला १६ जीबीचा. मेमरी भरून रॅमकडे धाव घ्यावी लागते नेमक्या त्याच वेळी ही तंगी जाणवते. माझी फाइल रखडण्यामागे हेही एक कारण होते.

नव्या कार्डाचे गुण मी नाकारत नाही. ते ११५ वॅटवर चालते, जुने १७० वॅटवर. दिवसाला सहा तास पूर्ण भाराने आणि वर्षाला तीनशे दिवस काम धरले, तर ९९ युनिट वीज वाचते. एव्ही१ या आकुंचनाच्या पद्धतीने व्हिडिओ तयार करण्याची आणि खेळांत मधल्या फ्रेम (चित्रे) स्वतः रचण्याची सोयही फक्त नव्यात आहे.

पण मग एकच नाव असले, तरी ग्राहकाने निश्चिंत राहावे का? तेही नाही. २०२२ च्या अखेरीस ३०६० याच नावाने ८ जीबीचा प्रकार आला. त्यात कोअर तेवढेच, पण बस १२८ बिटांची आणि बँडविड्थ २४० जीबी. त्याच वर्षी ४०८० या नावाने १२ आणि १६ जीबीची दोन कार्डे जाहीर झाली होती. त्यांच्यात फरक केवळ मेमरीचा नव्हता, चिपही वेगळी होती. टीका झाल्यावर ऑक्टोबरमध्ये कंपनीने १२ जीबीचे कार्ड मागे घेतले आणि जानेवारी २०२३ मध्ये ते ४०७० टीआय म्हणून विकायला आणले.

आपल्या दैनिकात अशा खरेदीचे मार्गदर्शन छापताना प्रत्येक कार्डाच्या नावापुढे मेमरी, बसची रुंदी, बँडविड्थ, लेनची संख्या आणि वॅट हे पाच आकडे द्यावेत, ही विनंती. एका ओळीत मावतील इतकेच ते आहेत. दुकानदारांनीही दरपत्रकात ‘४०६०, ८ जीबी’ एवढ्यावर न थांबता ते लिहावेत. पंख्याचे वॅट विचारून घेणारा ग्राहक हेही विचारील, फक्त ते त्याच्यासमोर यायला हवेत.

भाच्याकडे मी जुने कार्ड परत मागून पाहिले. आता त्यावर तो घरच्या घरी भाषा-मॉडेल, म्हणजे मजकूर लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली, चालवतो आणि त्यालाही ते १२ जीबी लागतात, असे त्याचे उत्तर आले.

आपला,
एक वाचक, सांगली