टेम्पोही कामाचीच जागा असते, साहेब

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, नाशिक

महोदय,

पिंपळगाव बसवंतजवळच्या एका द्राक्ष पॅकहाऊसचा मी मॅनेजर. हंगामात आमच्याकडे साठ-सत्तर बाया कात्री घेऊन घड साफ करायला बसतात. बहुतेक पेठ-सुरगाण्याकडच्या, मुकादमानं आणलेल्या. पगारपत्रकावर मात्र आम्ही पाचच जण. त्यामुळे मालक निर्धास्त: “दहाच्या आत आहोत, छळाच्या तक्रारी ऐकणारी समिती लागत नाही.”

लागते. लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात रोजंदारीवरची, ठेकेदारामार्फत आलेली बाईही कर्मचारीच आहे. अंतर्गत समिती नेमली नाही तर 50,000 रुपयांपर्यंत दंड. मी हे वाचलं, पण उशिरा.

मागच्या हंगामात जेवणाच्या सुट्टीत एक बाई माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. हातात कात्री तशीच. टेम्पोत मुकादम अंगाला हात लावतो, एवढंच बोलली. मी म्हणालो, “बोलतो त्याच्याशी.” बोललोही. दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही. तिच्या जागी दुसरी बसली आणि क्रेट वेळेवर भरले. मालकानं ने-आणीला दिलेलं वाहनही कायद्यानं कामाची जागाच आहे, हे तेव्हा मला ठाऊक असतं तर मी मुकादमाकडे गेलो नसतो. (खरं तर ठाऊक नसतानाही जायला नको होतं.)

तक्रारीला मुदत तीन महिने, समितीला कारण पटलं तर आणखी तीन. आमचा हंगामच जेमतेम तेवढा. बाई गावी परतते, तिथून पिंपळगावला यायचं भाडं कोण देणार? म्हणूनच कायद्यानं तालुक्या-तालुक्यात तक्रार घेणारा अधिकारी ठेवायला सांगितलंय. त्यानं सात दिवसांत ती तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे धाडायची. तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असली तर तीच समिती. पण हा अधिकारी कोण, हे माझ्या ओळखीतल्या एकाही मॅनेजरला सांगता येत नाही. मग बायांना कुठून कळणार?

माल युरोपात जायचा म्हणून हात कसे धुवायचे, केस जाळीत कसे घालायचे, याची चित्रं आमच्या भिंतीभर आहेत. त्यांच्याशेजारी एक फलक मावतो. पेठ, सुरगाणा, दिंडोरी, निफाड या तालुक्यांतल्या अधिकाऱ्यांची नावं आणि फोन नंबर, मोठ्या मराठी अक्षरांत. टेम्पोच्या आतल्या बाजूलाही तेच. लिहिता न येणाऱ्या बाईला तक्रार लिहून देणं समितीचंच काम आहे, हेही त्यावर असू द्या.

रंगाचा आणि पेंटरचा खर्च मी करतो. नावं आणि नंबर तेवढे आपल्या कार्यालयाकडून हवेत, आणि तेही पहिला टेम्पो यायच्या आत.

आपला,
एक पॅकहाऊस मॅनेजर, तालुका निफाड