इंग्रजीत शंका घेताना बाजू चुकते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावी-बारावीचे निकाल लागले की नागपुरात सीताबर्डी-धंतोली भागात इंग्रजी संभाषणाच्या क्लासेसना गर्दी होते. तिथल्या नोट्समध्ये आणि बाजारातल्या पुस्तकांत 'शंका व्यक्त करणे' या मथळ्याखाली 'आय डाउट', 'आय सस्पेक्ट', 'आय ॲम नॉट शुअर' अशी वाक्ये एकाखाली एक, जणू एकाच अर्थाची म्हणून छापलेली असतात. ती पाठ करणारी मुले नेमके उलटे बोलतात, म्हणून हे पत्र.

इथल्या मिहान प्रकल्पातल्या एखाद्या आयटी कंपनीतला मुलगा परदेशी ग्राहकाला फोनवर सांगतो, 'आय डाउट द सर्व्हर इज डाउन.' त्याला म्हणायचे असते, सर्व्हर बंद पडला असावा. ग्राहक ऐकतो ते असे: सर्व्हर बंद पडला असेल असे याला वाटत नाही. मग तो बिघाड दुसरीकडेच शोधत बसतो. इथे 'आय सस्पेक्ट द सर्व्हर इज डाउन' किंवा 'आय थिंक द सर्व्हर माइट बी डाउन' हवे होते. 'डाउट' नकाराकडे झुकतो, 'सस्पेक्ट' होकाराकडे, तर 'नॉट शुअर' मध्येच थांबतो.

घोटाळा होतो कारण आपली 'शंका' दोन्हीकडे चालते. पण मराठीतच त्यावर एक कसोटी सापडते. मनातल्या वाक्याला 'अशी शंका आहे' जोडायचे असेल ('त्यानेच पैसे घेतले अशी शंका आहे') तर सस्पेक्ट. 'याबद्दल शंका आहे' जोडायचे असेल ('तो वेळेवर येईल याबद्दल शंका आहे') तर डाउट. मुलांना आधी ही जोडणी तोंडी करायला लावावी, इंग्रजी वाक्य नंतर. एवढे ध्यानात ठेवावे की सस्पेक्ट बहुधा नकोशा गोष्टीसाठी येतो; मुलगी पास होईल असे वाटत असेल तर साधे 'आय थिंक' बरे.

दुसरी चूक दुहेरी नकाराची. 'आय डाउट ही विल नॉट कम' म्हणजे तो बहुतेक येईलच! नकार डाउटमध्येच आहे, वेगळा 'नॉट' घालू नये. तसेच 'आय थिंक ही विल नॉट कम' हे चूक नाही, पण इंग्रजी कानाला 'आय डोन्ट थिंक ही विल कम' सहज वाटते.

अंदाजाच्या क्रियापदांत मे आणि माइट यांतला फरक फारच थोडा, त्यावर तास घालवू नये. वेळ द्यावा तो 'कान्ट'ला. 'तो घरी असणे शक्यच नाही' यासाठी मुले 'ही मस्ट नॉट बी ॲट होम' लिहितात. त्यातून त्याला घरी राहायला मनाई आहे असा अर्थ निघू शकतो. 'ही कान्ट बी ॲट होम' म्हणावे. भूतकाळात 'माइट हॅव' नंतर क्रियापदाचे तिसरे रूप: 'शी माइट हॅव मिस्ड द बस'. इथे 'मिस' लिहून गुण जातात.

'नो डाउट'नेही फसगत होते. 'नो डाउट ही विल कम' हे वक्त्याची अपेक्षा सांगते, त्यात 'येईलच म्हणा' एवढाच भाव असू शकतो. पक्की खात्री सांगायची तर 'देअर इज नो डाउट दॅट' असे पूर्ण वाक्य वापरावे.

राहिला क्लासमधला 'सर, आय हॅव अ डाउट'. आपल्याकडे तो सर्वांना कळतो, त्यावरून मुलांना टोकण्याचे कारण नाही. मात्र परदेशी माणसाला, आपण सांगितलेले यांना पटलेले नाही, असे त्यातून वाटू शकते. मुलाखतीत किंवा ईमेलमध्ये 'आय हॅव अ क्वेश्चन' म्हणावे. वरिष्ठांच्या आकड्यावर शंका असेल तर 'आय ॲम नॉट शुअर दिस फिगर इज राइट. कुड यू प्लीज चेक?' एवढे पुरे. त्यात 'मेबी', 'प्रॉबॅब्ली' आणि 'आय थिंक' एकाच वेळी कोंबले तर वाक्याला जोर उरत नाही.

आपल्या विद्यार्थी पुरवणीत अशी वाक्ये छापताना प्रत्येकासमोर 'होकाराकडे', 'नकाराकडे' की 'मध्ये' एवढे लिहावे, ही विनंती.

आपला,
एक इंग्रजी शिक्षक, धरमपेठ, नागपूर