काय फुटलं आणि काय शाबूत राहिलं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विद्यार्थी आंदोलनात भिंती रंगल्या, काचा फुटल्या की ‘टवाळखोरांचा धुडगूस’ हा मथळा ठरलेला. समाजशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली, म्हणून हे पत्र.

मध्यंतरी आमच्या भागातल्या एका महाविद्यालयात असंच झालं. मी जाऊन पाहिलं. फी भरायच्या खिडकीशेजारी लाल रंगात ‘शिष्यवृत्ती कधी?’ आणि त्याखाली, दिलेल्या अर्जांच्या तारखा एकाखाली एक. खिडकीची काच फुटलेली. शेजारच्या ग्रंथालयाला आणि मुलींच्या वसतिगृहाला मात्र कुणी बोट लावलेलं नव्हतं. भान सुटलेला जमाव असं निवडून मोडत नाही.

गर्दीत शिरलेला माणूस विचार गमावतो, असं गुस्ताव्ह ल बाँ या फ्रेंच लेखकाने १८९५ मध्ये मांडलं. आपले अधिकारी अजून तिथेच आहेत. १९८० मध्ये इंग्लंडात ब्रिस्टलच्या सेंट पॉल्स वस्तीत दंगल झाली. मानसशास्त्रज्ञ स्टीफन रायकर यांनी तिचा अभ्यास केला, तेव्हा दिसलं की रोख पोलीस, बँक अशा ठरावीक ठिकाणांवर होता. लोकांची घरं बहुतांशी वाचली. समाजशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोहेन यांनीही तोडफोडीचे प्रकार वेगळे केले: कुणी गाऱ्हाणं ऐकवायला मोडतो, कुणी सूड म्हणून, कुणी निव्वळ खेळ म्हणून.

हीच कसोटी मराठवाड्याला लावली तर उत्तर दर वेळी मुलांच्या बाजूने येतं असं नाही. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला. विरोधाची सुरुवात विद्यार्थ्यांच्या मोर्चांनी झाली आणि गावोगावी दलितांची घरं जळाली. तो अन्यायाविरुद्धचा आवाज नव्हता, जातीचा माज होता. एसटीवरच्या दगडफेकीचंही मी समर्थन करणार नाही. सरकार म्हणून गावात रोज दिसते ती लाल गाडी, म्हणून राग तिच्यावर निघतो, हे समजतं. पण गाडी बंद पडली की मोफत पासवर शिकणाऱ्या मुली घरी बसतात.

म्हणूनच भिंतीवरची ओळ, फुटलेली काच आणि जाळलेलं घर एकाच मापाने मोजू नका. आज सरसकट गुन्हे दाखल होतात. सार्वजनिक मालमत्तेच्या १९८४ च्या कायद्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. इथली कितीतरी पोरं पहाटे पोलीस भरतीसाठी धावतात, कितीतरी स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत असतात. चारित्र्य पडताळणीत एक गुन्हा निघाला की सगळं मुसळ केरात. भिंत त्यांच्याकडून पुसून घ्या, काचेचे पैसे वसूल करा, त्याला माझी ना नाही. त्यांना उभ्या जन्मातून मात्र उठवू नका.

आणि बोलायची जागा तरी कुठे ठेवलीय? महाविद्यालयांतल्या थेट निवडणुका नव्वदच्या दशकात बंद झाल्या. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने त्या परत आणल्या, पण कागदावरच. निवडून आलेला प्रतिनिधी नाही, तक्रारपेटीला कुलूप, प्राचार्य बैठकीत. मग उरते भिंत.

आपल्या वार्ताहरांना एवढंच सांगा: पुढच्या वेळी नुकसानीच्या आकड्यासोबत मागणी काय होती, अर्ज किती दिवस पडून होता आणि मुलांनी कशाला हात लावला नाही, हेही छापा.

– एक निवृत्त प्राध्यापक, अंबाजोगाई